उथळ वाटी

आमच्या प्रत्येक केंद्रात शिरल्या शिरल्या समोर एक पाटी दिसते. 'संयत व्यायाम. सरांनी मानवी शरीराचा दीर्घ अभ्यास करून विकसित केलेली पद्धत.' सर म्हणजे माझा नवरा. ह्यांचा शरीराचा दीर्घ अभ्यास म्हणजे शाळेच्या मैदानावर पोरांना उन्हात उभं करून शिट्टी फुंकणं. स्वतः खाली वाकून कधी बुटाची नाडी बांधली असेल तर शपथ.

खरं काय झालं ते मी सांगते. मी तेव्हा एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होते. दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करायची, दोघींनी मिळून घड्या घालायच्या, ढीग लावायचे. एकदा ओल्या चादरींचं बोचकं उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले. सोबतच्या बायकांनी मला टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यांबरोबर गाडीत घालून घरी पोचवलं. डॉक्टर म्हणाले, कडक फळीवर उताणं झोपायचं आणि अजिबात हलायचं नाही. आता फळी आणायची कुठून? ह्यांनी न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि पलंगावर टाकलं. तो सबंध हिवाळा आमच्या घरात लोक पडद्याआड खोकत खोकत आंघोळ करायचे, कोणी आत येऊ नये म्हणून.

पण पडून पडून माणूस पडणार तरी किती? नवरा शाळेत, लेक बालवाडीत, आणि मी दारावर. एके दिवशी मी एक पाय सरळ करून बघितला. झटक्यात नाही. इस्त्री कशी फिरवतो आपण, सुरकुती जाईल पण कापड ओढलं जाणार नाही, तशी टाच हळूहळू पुढे सरकवली आणि तेवढा वेळ श्वास सोडत राहिले. दुखायला लागायच्या जरा आधी थांबले आणि तशीच परत आणली. मग दुसरा पाय. मग गुडघे पोटाशी घेतले, चादरीची घडी घालतात तसे. काम सुटलं होतं, पण हातापायांना तेवढंच ठाऊक होतं. इस्त्री, घडी, झटकणी ही नावं माझी आहेत. आता परदेशी मासिकांत त्यांच्यावर लेख येतात, आणि लिहिणाऱ्यांना वाटतं की ह्या नावांत काहीतरी गूढ अर्थ भरलाय. अहो, कपडे आहेत ते.

इतकं हळू करायचं की दुखणं समोर दिसलं तर मागे फिरता यावं. एवढीच ही पद्धत. बाकी सगळे आरसे आणि पडदे.

थंडी सरेपर्यंत मी उठून चुलीपाशी उभी राहायला लागले. ह्यांची नोकरी त्याच सुमारास गेली. दोन शाळा एक झाल्या आणि शिट्टी वाजवणारा एकच ठेवला, तो दुसरा. हे घरी बसले. घरी बसलेल्या पुरुषाला बायको दिसायला लागते. मला दारावर पाय सरकवताना बघून म्हणाले, "पुन्हा कर बघू." मी केलं. "हे काहीतरी आहे," म्हणाले. त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. मला ते माझं आजारपण वाटत होतं. ती एक वस्तू आहे, लोकांना देता येईल अशी, हे त्यांनी पाहिलं.

मग शेजारीण आली, तिची बहीण आली. टायरच्या दुकानावर एक खोली मिळाली, तिथे रबराचा वास असा की घरी आल्यावर केसांना यायचा. मी जमिनीवर झोपून करून दाखवायचे आणि हे हात मागे बांधून फिरत सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण आवाज! ज्या आवाजाला पोरं चळचळा कापायची तोच ह्यांनी असा खाली आणला की बायका नुसत्या तो ऐकायला यायच्या. "सोडा श्वास... सोडा... घाई कुणालाच नाही." मलासुद्धा ऐकत राहावंसं वाटायचं. घरी मात्र मीठ कमी पडलं की शिट्टी पुन्हा तोंडात.

गुडघा दुखावलेली एक नर्तकी आली, ती बरी झाली आणि आपला सगळा ताफा घेऊन आली. त्यामागून वर्तमानपत्र आलं. त्यामागून मोठ्या गाड्या. टायरवाल्याच्या डोक्यावरून आम्ही लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये गेलो, आणि मग केंद्रांमागून केंद्रं. हे 'सर' झाले, मी 'ताई'. आमची छोटी, म्हणजे लेक, ह्या सगळ्यात चटयांवर लोळत मोठी झाली आणि माझ्यापेक्षा सुरेख करायला लागली. लेकीचं कौतुक आईने करू नये, पण तिची घडी बघताना लोक बोलायचे थांबायचे.

ह्यांनी एक नियम आणला. वर्गात 'दुखतंय' म्हणायचं नाही, 'जाणवतंय' म्हणायचं. का, तर माणूस दुखतंय म्हणाला की अंग आखडून घेतो. वर्गापुरतं ते खरंही होतं. पण हा नियम चपला घालून आमच्याबरोबर घरी आला. छोटी शाळेच्या जिन्यावरून पडली, गुडघा फुटून मोजा लाल झालेला, आणि ओठ घट्ट मिटून मला सांगते, "आई, जाणवतंय." मी हसले होते तेव्हा. किती शहाणी आहे म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते.

पुढे माझा खुबा गेला. कंबर नाही हो, कंबर माझी व्यायामानेच बरी झाली, ते मी कुठेही सांगेन. पण खुब्याचं हाड झिजलेलं. मोजा चढवायचा तर भिंतीला टेकावं लागायचं. गाडीतून उतरताना पँट हाताने धरून पाय उचलून बाहेर ठेवायचा, सामान उतरवतात तसा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "ह्यात व्यायाम काही करणार नाही. जन्मापासून तुमच्या खुब्याची वाटी उथळ आहे. त्यात गोळा नीट बसत नाही, घासत राहतो. बदलावा लागेल." मग मला विचारलं, "मुलगी आहे का? बऱ्याचदा हे आईकडून मुलीकडे जातं. तिला वेळेवर दाखवा. तुमच्यासारखा उशीर करू नका."

ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं. केंद्रात सांगितलं की ताई नवीन शिक्षिका तयार करायला गेल्यात. छोटी तेव्हा लांबच्या शहरात तिचं पहिलं केंद्र उघडत होती. तिलाही तेच सांगितलं. मी परत आले ती ताठ चालत, आणि पहिल्याच मेळाव्यात ह्यांनी माझा हात धरून मला व्यासपीठावर आणलं. "ह्या पायाची डॉक्टरांनी आशा सोडली होती," म्हणाले. "बघा." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तिथे उभी, मांडीत धातूचा गोळा, आणि तोंडाला कुलूप.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. हे म्हणाले, "मी खोटं काय बोललो? आशा सोडली होती म्हणालो, ऑपरेशन केलं नाही असं म्हणालो का? आणि छोटीचं आत्ताच कुठे बस्तान बसतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिच्या पोटावर पाय देणार आहेस?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्यानंतर आमचा 'खुबा वर्ग' निघाला. सगळ्या केंद्रांत सगळ्यात जास्त गर्दी त्याच वर्गाला.

डॉक्टरांचं बोलणं मी विसरले नव्हते. छोटीला मी म्हटलं, एकदा खुब्याचा फोटो काढून घे. ती हसली. "अगं आई, कशाला? तुझा तर व्यायामाने बरा झाला ना." पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. माझ्याच पायाकडे बोट दाखवायची. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. "बघू," म्हणाले. ह्यांचं 'बघू' मी लग्नापासून बघत आलेय.

आणि मग ह्या वर्षी शिक्षिकांच्या शिबिरासाठी छोटी घरी आली. मी खिडकीत उभी होते. गाडी थांबली, दार उघडलं, आणि माझ्या लेकीने उजव्या हाताने पँटचं कापड धरून उजवा पाय उचलला आणि बाहेर ठेवला.

चाळिशीसुद्धा गाठली नाही हो पोरीने.

घरात आली तेव्हा हसरीच होती. मी बघत राहिले. खुर्चीत मागे सरकून बसत नव्हती, कडेवर टेकत होती. जिना चढताना प्रत्येक पायरीला डावाच पाय पुढे. पाणी ठेवायला गेले तेव्हा आतून ऐकलं, मोजा घालताना श्वास सोडत होती, सावकाश, आमच्या पद्धतीने. मी दारातून विचारलं, "काय होतंय गं पायाला?"

"काही नाही. जरा जाणवतंय."

त्या शब्दाची मला अशी चीड आली म्हणून सांगू. जरा जाणवतंय म्हणजे किती? रात्री झोप लागते का नाही? मुंग्या आल्यासारखं जाणवतंय की करवत फिरल्यासारखं? आमच्या घरात विचारायची सोयच उरली नव्हती. ती जन्मभर तेवढंच म्हणत आली, आणि आम्हीच तिला शिकवलं.

संध्याकाळी मी ह्यांना बागेत गाठलं. हे शिबिराच्या भाषणाचा सराव करत येरझाऱ्या घालत होते.

"छोटीचा खुबा गेलाय," मी म्हटलं. "माझ्यासारखाच."

"दमली असेल. प्रवास झालाय."

"अहो, पाय हाताने उचलून ठेवतेय ती. तुम्हाला दिसत नाही?"

हे पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले. म्हणजे दिसलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आज सांगते मी तिला," मी म्हटलं. "माझं ऑपरेशन झालंय ते सांगते."

"शिबिर होऊ दे."

"आणि शिबिरानंतर मेळावा होऊ दे, मेळाव्यानंतर अजून काहीतरी. तोवर पोरगी लंगडी होईल."

"तू समजून घेत नाहीस," हे त्या खालच्या आवाजात म्हणाले, वर्गातल्या. "ती शिकवते ती श्रद्धेवर. तिची श्रद्धा गेली तर काय उरेल तिच्याकडे?"

"पाय," मी म्हटलं. "पाय उरेल."

छोटी हॉलमध्ये एकटी चटया गुंडाळत होती. वाकत नव्हती, गुडघ्यावर बसून ढकलत होती. मी आत गेले, दार लावलं, आणि आरशासमोर उभी राहून कमरेखालचं कापड बाजूला केलं. व्रण लांब आहे माझा. फिकट झालाय, पण लपणारा नाही. म्हणूनच इतकी वर्षं मी कपडे बदलायला वेगळ्या खोलीत जाते आणि मुली म्हणतात ताई किती लाजऱ्या.

"हे बघ," मी म्हटलं. "माझा खुबा व्यायामाने बरा झालेला नाही. कापून बदललाय. तू केंद्र उघडत होतीस ना, तेव्हा. वाटी उथळ होती, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले होते तुझीही असू शकते. मी तुला फोटो काढ म्हणत होते ते ह्यासाठी. आता ऐक माझं."

ती गुडघ्यांवरच बसून राहिली. मला वाटलं रडेल. वाटलं ओरडेल, चटई फेकून मारेल, म्हणेल तुम्ही दोघांनी मला फसवलं. मी तयारी करून आले होते. मार खायची असते ना तशी तयारी. एक शब्द उलटून बोलायचा नाही, ठरवलं होतं. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी तिला जवळ घेतलं असतं.

तिने तो व्रण वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, "चाल बघू जरा."

मी चालले. हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. ती शिक्षिका बघते तशी बघत होती, मान तिरकी करून.

"वळताना किंचित डावीकडे जातेस," म्हणाली. "पण कळत नाही. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही, म्हणजे कोणाच्याच येणार नाही."

"छोटी..."

"काठी किती दिवस होती? घडी कधीपासून करायला लागलीस? आणि तो डॉक्टर बोलत नाही ना कुठे?"

मी म्हटलं, "डॉक्टर कशाला बोलेल?"

"मग माझ्यासाठीही तोच बरा," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून उठली. उठताना चेहरा पांढराफटक पडला तिचा. तेव्हा मला कळलं किती दुखत होतं ते.

छोटीने ह्यांना आत बोलावलं. मी म्हटलं आता तरी बापलेकीत खडाजंगी होईल. कसलं काय. जणू नव्या केंद्राच्या जागेची बोलणी चालली आहेत असे दोघं चटयांच्या गुंडाळ्यांवर बसले. काय सांगायचं? चिंतनासाठी रजा. नको, चिंतन म्हटलं की लोकांना आजाराचा वास येतो. परदेशी निमंत्रण. हां, ते चालेल. परत आल्यावर मेळावा घ्यायचा की थोडं थांबायचं? ह्यांचे डोळे पाणावले होते. लेकीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "हुशार आहेस बाळा." इतका लाड त्यांनी तिचा लहानपणीही केला नव्हता.

"आणि त्या खुबा वर्गातल्या बायका?" मी विचारलं. "त्यांना काय सांगायचं?"

"आई, ज्यांना ऑपरेशन लागतं त्यांना डॉक्टर सांगतातच," छोटी म्हणाली. "आपण कोणाला नको म्हणतो का?"

बापाचंच बोलणं, शब्दाला शब्द.

"बरं, मी नसेन तोवर माझा वर्ग तूच घे," ती पुढे म्हणाली. "तू असलीस की लोक प्रश्न विचारत नाहीत."

मी घेतला. लेकीचं ऑपरेशन होणार होतं, वेळेत होणार होतं, आणि त्यासाठी मला चुलीत उडी मार म्हणाले असते तरी मारली असती. तिच्या शहरात जाऊन राहिले, तिच्या खोलीत झोपले, आणि रोज सकाळी तिच्या चटईवर आडवी झाले. हेही आले सोबत, भाषणं द्यायला. लेकीजवळ दवाखान्यात तिची मैत्रीण राहिली, कारण आम्ही दोघं एकदम गायब झालो तर चर्चा झाली असती. आईने लेकीच्या उशाशी असू नये, एवढी मोठी झाली आमची पद्धत.

त्या वर्गात एक वाचनालयातल्या बाई येत. धिप्पाड, बोलक्या, दर वाक्याला हसणाऱ्या. पाय टाकायच्या तो असा की बघणाऱ्याने तोंड फिरवावं. झटकणी करताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि तरी हसून म्हणायच्या, "ताई, जाणवतंय हं आज छान." मी त्यांना वर्ग सुटल्यावर थांबवलं. म्हटलं, "हाडांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं ना. बदला म्हणतात. कापायला टपलेलेच असतात मेले. मी म्हटलं, आमच्या ताईंचा बघा."

"माझं ऐका. करून घ्या ते."

त्यांचं हसू गेलं. "म्हणजे मला येत नाही का व्यायाम? मी मनापासून करत नाही?"

"तसं नाही. काही खुबे व्यायामाने होत नाहीत."

"तुमचा झाला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात हे दारात आले, "काय चाललंय?" म्हणत, आणि बाई डोळे पुसत त्यांच्याकडे वळल्या. "सर, ताई मला वर्गातून काढताहेत." हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या आवाजात म्हणाले, "कोणी काढत नाही. घाई कुणालाच नाही." आणि त्यांना बाहेरपर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी छोटीचा फोन आला. आवाज असा खणखणीत की माझा जीव भांड्यात पडला.

"आई, आज जिना चढले. धरलंसुद्धा नाही कठड्याला. इतकं हलकं वाटतंय गं. मला वाटायचं सगळ्यांनाच चालताना असं होत असेल, आतून कोणीतरी खरवडल्यासारखं. काहीच नाही आता. काहीच दुखत नाही."

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी रडायला लागले. तीही रडत होती. किती तरी वेळ आम्ही दोघी नुसत्या फोनवर रडलो, आणि मला वाटलं, चला, माझी लेक मला परत मिळाली.

मग तिने नाक ओढलं. "आई, बाबांनी सांगितलं मला. वाचनालयवाल्या बाईंचं. उद्यापासून तू वर्ग घेऊ नकोस."

"अगं, त्या बाईंचा पाय तुझ्यासारखाच..."

"मला माहीत आहे. मीच शिकवते त्यांना. तू घरी जा आई. दमली असशील."

फोन ठेवला. हे शेजारच्या खोलीत पुढच्या मेळाव्याचं भाषण पाठ करत होते. हाक मारून विचारलं, "काय म्हणत होती छोटी?"

"जिना चढली म्हणाली. कठड्याला न धरता."

हे दारात येऊन उभे राहिले. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. घरात आम्ही दोघंच होतो, ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं.

"बघितलंस?" म्हणाले. "लहानपणापासूनची मेहनत आहे ही. दुसरं कोणी असतं तर इतक्या लवकर उठलं असतं का? ही आपली पद्धत."

आणि ते मनापासून म्हणाले.